फीचे पैसे आणि ईदचा बोकड

बकरी ईदला बोकड कापण्यापेक्षा तेवढे पैसे एखाद्या पोराच्या फीला द्यावेत, असं मी तरुणपणापासून म्हणत आलो. त्यावरून अब्बांशी दर ईदला खटके उडायचे. आता मी ते म्हणत नाही.

ते मत फुकाचं नव्हतं. हमीद दलवाईंनी 1970 साली पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ काढलं. त्या विचाराच्या माणसांत माझी उठबस होती. मंडळाचे कार्यकर्ते ईदला रक्तदान करतात, कुर्बानीचे पैसे चांगल्या कामाला द्या म्हणून सांगतात. रक्तदानाला मी आजही जातो. शिवाय अल्लाहपर्यंत मांस आणि रक्त पोचत नाही, पोचते ती माणसाची परहेजगारी, हा मुद्दा खुद्द कुराणाचा, सूरह हजमधला. अब्बांपुढे मी तोच टाकायचो.

अब्बा गेल्यावर वाटे घालायचं काम माझ्याकडे आलं. रिवाज तीन वाट्यांचा: एक घरचा, एक नातलग-शेजाऱ्यांचा, एक गोरगरिबांचा. तिसरा वाटा घेऊन मी ज्या घरांत जाऊ लागलो, तिथे किलोला 700 रुपयांच्या पुढे गेलेलं मटण एरवी कधी शिजत असेल, शंकाच आहे. फीची मदतही मी केली आहे. तिच्यासाठी त्या घरच्या बाईला अर्ज लिहावा लागतो, उत्पन्नाचा दाखला आणावा लागतो, चार माणसांपुढे उभं राहावं लागतं. ईदचा वाटा मात्र तिच्या दारात चालत येतो, आणि तो आमच्या पातेल्यात शिजतो त्याच बोकडाचा असतो. शिवाय कुर्बानीचे नियम आहेत: खाटकाची मजुरी मांसात किंवा कातड्यात वळती करता येत नाही, वेगळी मोजावी लागते. कातडं विकून पैसा खिशात घालता येत नाही. पूर्वी ते मदरशाला जायचं, त्यावर मदरशाचा बराच खर्च निघायचा. आता कातड्याचा भाव पार बसलाय. हे सगळे नियम मला लहानपणापासून पाठ होते, पण त्यांतला हिशेबीपणा वाटे घालताना दिसला.

दुसरी बाजू बोकड पाळणाऱ्यांची. आमचं मूळ गाव धाराशिवकडचं. काळी, काटक उस्मानाबादी शेळी ही तिथल्या कोरडवाहू आणि भूमिहीन घरांची ठेव. एरवी बोकड काही महिन्यांचा झाला की पैशाची नड त्याला खाटकाकडे पाठवते. ईदचा बोकड मात्र निदान वर्षाचा लागतो. दोन दाती झालाय का ते तोंड उघडून बघतात. लंगडा, आंधळा, रोगट चालत नाही. म्हणून तो वर्षभर सांभाळावा लागतो आणि त्याला भावही तसा मिळतो. शेळ्या बहुतेक घरांत बाई सांभाळते. माझे फीचे पैसे शहरातल्या शहरात फिरले असते. बोकडाचे तिच्या हातात जातात.

आणखी एक. सुधारणा म्हणजे प्रथा बंद करणं, अशी माझी समजूत होती. 2023 मध्ये 29 जूनला आषाढी एकादशी आणि बकरी ईद एकाच दिवशी आल्या. राज्यात अनेक गावांतल्या मुसलमानांनी आपण होऊन ठरवलं: आज फक्त नमाज, कुर्बानी उद्या. शरियतची आडकाठी नव्हतीच, कुर्बानीला जिलहिज महिन्याची दहावी, अकरावी, बारावी अशा तिन्ही तारखा चालतात. जुन्या नियमातच शेजारधर्माला जागा होती आणि ती शोधली मशिदीतल्या साध्या माणसांनी, आमच्या बैठकीतल्या वक्त्यांनी नव्हे.

म्हणून सगळंच गोड मानतो असं नाही. लाखालाखाचे बोकड घेऊन फोटो काढणारे मला आजही सहन होत नाहीत. कुर्बानी ऐपतदारावर आहे. कर्ज काढून ती करणारा धर्माने न मागितलेलं देतो. आणि गटारीत रक्त सोडणाऱ्याला दंडच व्हावा.

ज्यांची ऐपत आहे त्यांना एवढंच सांगतो: बोकड जमलं तर थेट पाळणाऱ्याकडून घ्या आणि तिसरा वाटा आधी पोचवा, घरची हंडी नंतर चढवा. ईद दरवर्षी दहा-अकरा दिवस मागे सरकते, शाळेची फी मात्र दर जूनला भरावी लागते. ती ईदच्या खर्चातून वजा करू नका, वेगळी द्या.