रामटेकच्या पाठीमागचे पाणी

नागपूरच्या जैन कुटुंबांना रामटेक नवे नाही. सकाळी मोटारीने निघावे, कामठी मागे टाकून कन्हानचा पूल ओलांडावा, मनसरला वळावे, आणि पन्नास किलोमीटरांच्या आतबाहेरचा हा प्रवास संपवून अतिशय क्षेत्रावर उतरावे. शांतिनाथ भगवंतांचे दर्शन, अभिषेक, भोजन, थोडा विसावा, आणि दुपार कलण्यापूर्वी परतीचा रस्ता. दुकान कोणावर तरी सोपवून आलेल्या माणसाचे मन तीन वाजल्यानंतर तीर्थावर राहत नाही, हे सर्वांच्या अनुभवाचे आहे. त्यामुळे वर्षानुवर्षे रामटेकला जाणाऱ्यांपैकी कितीतरी जणांनी डोंगराची एकच बाजू पाहिलेली असते. पलीकडे, डोंगराच्या कुशीत, अंबाळा तलाव आहे, हे त्यांना ऐकून ठाऊक असते.

इतवारीत घाऊक किराण्याचा व्यापार करणाऱ्या एका घरातील आजींचेही असेच झाले होते. लग्न होऊन नागपुरास आल्यापासून पन्नासहून अधिक वर्षे त्या रामटेकला येत आहेत. पूर्वी मोटार नव्हती. सकाळची गाडी, पुढे टांगा, आणि मुक्काम धर्मशाळेत. दर्शन झाले की पुरुषमंडळी गडावर चढत आणि पलीकडून पायऱ्यांनी अंबाळ्यावर उतरत. स्त्रिया मागे राहत. सूर्यास्तापूर्वी सगळ्यांची पाने उठली पाहिजेत, तर धान्य निवडणे, पाणी गाळणे, चूल पेटवणे हे कोणी तरी करावयास हवेच. संध्याकाळी मंडळी परत येत, हातपाय धूत, पानावर बसत आणि म्हणत, ‘पाणी फार सुंदर आहे. पुढच्या वेळी तुम्हीही चला.’ पुढची वेळ आली की पुन्हा चूल असे. त्यानंतर मोटार आली, चूल गेली, पण तोवर आजींचे गुडघे गेले होते.

यंदा दिवाळी झाली, त्रिपुरी पौर्णिमेची जत्रा उरकली, गर्दी ओसरली, आणि नातीने बेत आखला. घरूनच दशम्या, कोरडी मुगाची डाळ आणि खाकरे डब्यात भरले. गाळलेले पाणी कळशीत घेतले. साडेपाचच्या सुमारास सूर्य मावळतो, म्हणून पाचपूर्वी जेवण आटोपायचे, तेही तलावाच्या काठावर.

सकाळी क्षेत्रावर दर्शन झाले. तेरा फुटांहून उंच अशी ही कायोत्सर्ग मुद्रेतील मूर्ती कशी सापडली, त्याची कथा प्रत्येक घरात सांगितली जाते. नागपूरकर भोसले श्रीरामाच्या दर्शनास आले असता त्यांच्यासमवेत असलेल्या वर्धमान सावजी या जैन मंत्र्याने भोजनास नकार दिला. जिनदर्शनाविना अन्न न घेण्याचा त्यांचा नियम होता. राजाने शोध घेण्यास सांगितले, आणि रानात ही प्रतिमा मिळाली. परंपरेने आलेली ही कथा आहे. तिला इतिहासाचा दाखला मागू नये. परंतु एका माणसाच्या उपवासाची काळजी दुसऱ्या श्रद्धेच्या राजाला वाटावी, एवढा भाग तिच्यात आहेच. अलीकडच्या काळात आचार्य श्री विद्यासागरजी महाराजांचे चातुर्मास येथे झाले, आणि त्यांच्या प्रेरणेने क्षेत्रावर दगडी मंदिरांचे मोठे काम उभे राहिले.

दुपारी मोटार डोंगराला वळसा घालून अंबाळ्यावर आली. रस्ता थेट काठापर्यंत पोहोचतो. तेथून पुढे चालावयाचे ते घाटाच्या कडेने, जवळजवळ सपाटीवर. आजींनी एका हातात काठी आणि दुसऱ्या हातात नातीचा खांदा घेतला. मध्ये दोनदा थांबल्या.

डोंगर येथे घोड्याच्या नालासारखा वळलेला आहे आणि त्या वळणात पाणी साठले आहे. काठाने जुनी देवळे, छत्र्या आणि पाण्यात उतरणारे घाट आहेत. काही नीट उभे, काहींच्या भेगांतून पिंपळ फुटलेला. अंबा नावाच्या राजाचे कुष्ठ या पाण्याने बरे झाले आणि त्यावरून तलावास नाव पडले, असे लोक सांगतात. आजही येथे अस्थिविसर्जनाचे आणि श्राद्धाचे विधी चालतात. त्यामुळे एखाद्या घाटावर मुंडण केलेला मुलगा गुरुजींसमोर बसलेला दिसला, तर आलेल्यांनी आवाज थोडा खाली आणावा. विधींचे साहित्य, प्लॅस्टिकच्या पिशव्या आणि सहलीच्या पत्रावळी पाण्याच्या कडेला तरंगताना दिसतात. त्यांत आपलेही काही नाही ना, हे पाणी गाळून पिणाऱ्या समाजाने तरी उठताना मागे वळून पाहावे. येथील वानरे हातातील पिशवी न विचारता घेतात. डबा झाकून ठेवावा.

आजी घाटाच्या वरच्या पायरीवर बसल्या. समोर पाणी, त्यापलीकडे हिरवी उतरण, आणि सर्वांत वर गडाचे तट आणि मंदिरांची शिखरे. पन्नास वर्षे हा डोंगर त्यांनी गावाकडून पाहिला होता. आता त्याची पाठ प्रथमच दिसत होती. पुष्कळ वेळ त्या काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, ‘एवढं पाणी गाळायचं म्हटलं तर किती फडकी लागतील गं?’

नातवंडे जुन्या फरसबंद पायऱ्यांनी वर गेली. ज्यांचे पाय धड आहेत त्यांनी हीच वाट धरावी. ज्यांना चढणे नको, त्यांच्यासाठी गावाकडून मोटाररस्ता बराच वरपर्यंत जातो. गडावर एका मंडपात प्रचंड वराहमूर्ती आहे. तिच्या पोटाखालून जो पार होतो तो पुण्यवान, अशी समजूत असल्याने स्थूल यात्रेकरूंची तेथे थोडी परीक्षा होते. केवल नरसिंह आणि रुद्र नरसिंह ही मंदिरे वाकाटकांच्या काळातील, म्हणजे पाचव्या शतकाच्या आसपासची. रामलक्ष्मणांच्या मंदिरांना भोसल्यांनी ऊर्जितावस्था आणली. वाकाटकांची राजधानी नंदिवर्धन, आजचे नगरधन, येथून जवळच. दुसऱ्या चंद्रगुप्ताची कन्या आणि वाकाटकांची राणी प्रभावतीगुप्ता हिचा रिद्धपूर येथे मिळालेला ताम्रपट रामगिरिस्वामींच्या पायाशी दिलेला आहे. कालिदासाने मेघदूतातील यक्षाला ज्या रामगिरीवर ठेवले तो हाच डोंगर, असे मत नागपूरचे महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी साधार मांडले. काहींना तो मान सरगुजातील रामगढास द्यावासा वाटतो. वाकाटकांचा पुरावा पाहता नागपूरकरांचे पारडे जड आहे, आणि तसे म्हणण्यात केवळ अभिमान नाही.

वरून मुले धापा टाकीत आली आणि एकदमच सांगू लागली. अंबाळा वाटीत ठेवलेल्या पाण्यासारखा दिसतो. दूर खिंडसीचे पाणी पसरलेले आहे. त्या दोहोंमध्ये शेतेच शेते. खिंडसी हा सूर नदीवर बांध घालून ब्रिटिश काळात केलेला मोठा जलाशय. भोवतालच्या धानाच्या शेतीला त्याचे पाणी मिळते. अंबाळा त्यापुढे लहान. पण लहान असल्यामुळेच एका जागी बसून तो सगळा पाहता येतो, हा त्याचा गुण.

पावणेपाचला डबे उघडले. आजींनी सवयीने आधी सर्वांना वाढावयास हात पुढे केला. नातीने डबा आपल्याकडे ओढून घेतला आणि पहिली दशमी त्यांच्या हातावर ठेवली. जेवण झाले. पाणी पिऊन झाले. डबे पुसून पिशवीत गेले, आणि पायरीवर सांडलेला खाकऱ्याचा चुरा धाकट्या नातवाने मुंग्या येण्यापूर्वी कागदात गोळा केला.

सूर्य डोंगराआड गेला तेव्हा पाण्यावरची सावली सरकत घाटापर्यंत आली. शिखरांवर थोडा वेळ उजेड टिकला. जेवण उरकलेले होते, त्यामुळे उठण्याची कोणालाच घाई नव्हती. इतक्यात इतवारीहून मुलाचा फोन आला: निघालात का, अंधार होईल.

नातीने फोन आजींकडे दिला.

‘सांग त्याला,’ आजी फोन न घेताच म्हणाल्या, ‘पाणी पाहून राहिलो म्हणून.’