दीवच्या किनाऱ्यावर चार दिवस

माझ्या थोरल्या बहिणीने जन्मभर वसईच्या वाडीत भाजी पिकविली. सुट्टी म्हणून ती कधी कोठे गेली नाही. तिचा धाकटा मुलगा मात्र भूमध्य समुद्रात फिरणाऱ्या एका प्रवासी जहाजावर वाढप्याचे काम करतो. नेपल्स, माल्टा, दुब्रोव्निक येथील निळ्या पाण्याची छायाचित्रे तो घरी धाडतो. ती पाहून गेल्या हिवाळ्यात ताई मला म्हणाली, "फादर, मरणापूर्वी एकदा मला ते बेट दाखवा." (ती मला फादर म्हणते, रागावली म्हणजे मात्र नावाने हाक मारते.) धर्मगुरूच्या खिशाला माल्टा कोठून परवडणार? तेव्हा ती वडोदऱ्यास आली आणि आम्ही रात्रीच्या मोटारीने दीवला निघालो.

भावनगर, महुवा, उना असा रस्ता आहे. पहाटे घोघल्याचा पूल ओलांडला की खाडीपलीकडे दीव दिसते. बेट लहानसेच. पूर्वेच्या टोकाला किल्ला, पश्चिमेला वणाकबारा हे कोळ्यांचे गाव.

वसईकराला दीव परके वाटू नये. गुजरातचा सुलतान बहादूरशाह याने १५३४ साली वसई पोर्तुगीजांना दिली आणि हुमायूनच्या स्वारीने गांजल्यावर १५३५ मध्ये त्यांना दीवला किल्ला बांधू दिला. दोनच वर्षांनी दीवच्याच समुद्रात त्याचा अंत झाला. वसई १७३९ साली मराठ्यांनी जिंकली. दीव मात्र १९ डिसेंबर १९६१ पर्यंत पोर्तुगीजांकडे होते. किल्ल्याचा खंदक खडकात खोदलेला आहे व भरतीचे पाणी त्यात शिरते. १५४६ च्या वेढ्यात तट ढासळले, तेव्हा झुआंव द कास्त्रो या गव्हर्नराने दुरुस्तीच्या कर्जासाठी आपल्या दाढीचे केस गोव्याच्या नागरिकांकडे तारण धाडले. हे ऐकून ताई थबकली. मुलाच्या नोकरीसाठी दलालाला पैसे भरताना तिने आपल्या पाटल्या गहाण टाकल्या होत्या. "त्याचे केस तरी पुन्हा उगवले असतील," ती म्हणाली. यावर मला उत्तर सुचले नाही.

भूमध्य समुद्राशी या बेटाचा संबंध जुना आहे. मिरी-मसाला इजिप्तमार्गे व्हेनिसला जाई. पोर्तुगीजांनी तो व्यापार अडविला, तेव्हा इजिप्तच्या सुलतानाचे आरमार येथवर आले आणि ३ फेब्रुवारी १५०९ रोजी दीवसमोर पराभूत झाले.

सतराव्या शतकाच्या आरंभी बांधलेले संत पौलाचे ख्रिस्तमंदिर आजही उपासनेत आहे. संत थॉमसच्या मंदिरात संग्रहालय आहे. पौलाचे नाव पाहून मी ताईला माल्टाची गोष्ट सांगितली. वादळात गलबत फुटले, २७६ माणसे पोहत, फळ्यांना धरून त्या बेटावर लागली. पाऊस व थंडी होती म्हणून अनोळखी बेटकऱ्यांनी त्यांच्यासाठी शेकोटी पेटविली. "मग माझ्या पोराला तेथे कोणी चहा तरी विचारते का?" तिने विचारले.

उतरण्याच्या जागेविषयी न लिहिलेलेच बरे. गुजरातेत दारूबंदी आणि येथे मोकळीक, म्हणून पुष्कळ लोक समुद्र पाहण्यास येतात आणि बाटली पाहून परततात. आमच्या शेजारच्या खोलीत पहाटेपर्यंत गोंधळ चालला होता.

त्याची भरपाई नागोआच्या किनाऱ्याने केली. घोड्याच्या नालासारखा वाकलेला, शांत पाण्याचा हा किनारा. मागे होक्यांची झाडे. हा ताडाचाच भाऊबंद, पण याच्या खोडाला फांद्या फुटतात. नाईल नदीकाठीही याचे नातलग वाढतात. ताई लुगडे सावरून गुडघाभर पाण्यात उभी राहिली, ती तासभर बाहेर येईना.

शेवटच्या संध्याकाळी आम्ही खुकरी युद्धनौकेच्या स्मारकाशी गेलो. ९ डिसेंबर १९७१ रोजी ती याच समुद्रात बुडाली. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. कप्तान महेंद्रनाथ मुल्ला नौकेबरोबरच गेले. ताईने तेथे आपली जपमाळ काढली.

तेवढ्यात भाच्याचा फोन आला, चित्रासह. जहाज माल्टाच्या बंदरात लागले होते, पण त्याला उतरण्याची परवानगी नव्हती. त्याची खोली पाण्याच्या पातळीखाली आहे, तिला खिडकी नाही. छायाचित्रे बहुधा सोबती काढतात, हेही त्या दिवशीच कळले. "आई, मी चार दिवस समुद्र पाहिला नाही," तो म्हणाला.

ताईने फोन उलटा धरला आणि दीवचा समुद्र त्याला दाखवीत उभी राहिली. सूर्य बुडाला, वारा सुटला, माझी मोटार चुकण्याची वेळ झाली, तरी तिचा हात खाली येईना.