उसन्या नांवाची चाकरी

आमच्या शाळेंतून बाहेर पडलेल्या कित्येक मुलामुलींच्या पोटापाण्याची सोय ज्या धंद्यानें केली, त्याचें नांव घेतांना त्यांचे आईबापहि आवाज थोडा खालीं आणितात. आम्ही कॉल सेंटरविषयीं बोलत आहों. जनरल इलेक्ट्रिकच्या एका शाखेनें सन १९९७ मध्यें गुडगांवास अशी कचेरी काढली. मग पुण्यामुंबईसहि त्या निघाल्या. न्यूयॉर्कचें घड्याळ आपल्यामागें साडेनऊ-साडेदहा तास चालतें. म्हणून तेथली दुपार ती येथली मध्यरात्र.

आमची एक माजी विद्यार्थिनी पुण्यास या कामावर चार वर्षें होती. प्रथम कांहीं आठवडे उच्चार घासूनपुसून घेण्यांत गेले. मग तिला एक परदेशी नांव मिळालें. प्रत्येक संभाषणास किती वेळ लागला हें यंत्र मोजी, आणि वरिष्ठ वाटेल तेव्हां मधूनच ऐके. समोरचा वृद्ध गृहस्थ बिलावरून आधींच संतापलेला असावयाचा. हिचे दोन शब्द ऐकतांच तो म्हणे, "मला माझ्या देशाचें माणूस द्या." शिवी ऐकूनहि आपण होऊन टेलिफोन ठेवावयाचा नाहीं, आणि पुढचा घ्यावयाचा तो हसऱ्या आवाजांत!

त्या गृहस्थाचा राग अगदींच अकारण होता, असें आम्हांस म्हणवत नाहीं. तेथें कोणाची तरी भाकरी गेली, तेव्हां ती येथें आली. गिऱ्हाइकांच्या तक्रारींमुळें डेल कंपनीनें सन २००३ मध्यें आपलें कांहीं काम, व सँटँडर बँकेनें २०११ मध्यें इंग्लंडच्या गिऱ्हाइकांचे टेलिफोन, हिंदुस्थानांतून परत नेले. सन २०१६ मध्यें मीरा रोड येथें अमेरिकेचे कर-अधिकारी असल्याची बतावणी करून लोकांस लुबाडणाऱ्या कचेऱ्यांवर ठाण्याच्या पोलिसांनीं धाडी घातल्या. तेव्हांपासून प्रामाणिक मुलांचा आवाजहि संशयास पात्र झाला. परंतु उसनें नांव त्या मुलीनें मागितलें नव्हतें. तें तिला देण्यांत आलें होतें.

परक्यांचें एक वेळ असो. मुलांस इंग्रजी फाडफाड बोलतां यावें म्हणून आमच्या दाराशीं पहाटेपासून रांग लावणारे पालक आम्ही पाहिले आहेत. तेंच इंग्रजी मुलगी रात्रीं बोलूं लागली, कीं "ही कांहीं खरी नोकरी नव्हे"! लग्नाच्या बोलण्यांत तर "रात्रपाळीची मुलगी" एवढे दोनच शब्द पुरतात. ज्यांच्या आजोबांनीं गिरणीची रात्रपाळी करून घरें उभीं केलीं, त्यांनींच या रात्रपाळीस नाकें मुरडावीं, याचें आम्हांस नवल वाटतें. सन २००७ मध्यें पुण्यांत अशाच कामावर निघालेल्या एका तरुणीचा तिला नेणाऱ्या गाडीच्या चालकानें व त्याच्या साथीदारानें घात केला. चालकाची पारख कोणीं केली होती, हें विचारण्याऐवजीं, मुलीनें रात्रीं बाहेर पडावेंच कां, असें म्हणणारे त्या वेळीं आमच्याच ओळखींत निघाले.

गोऱ्या गिऱ्हाइकाच्या उर्मटपणाची चीड येणारे कांहीं सद्गृहस्थ स्वतः गॅसच्या सिलिंडरसाठीं किंवा बँकेच्या कार्डासाठीं टेलिफोन करितात, तेव्हां पलीकडच्या मुलीशीं कोणत्या भाषेंत बोलतात, तेंहि एकदां ऐकण्याजोगें आहे. तेथें तर तिला बोलणें इंदूरचें कीं नागपूरचें यावरूनहि टोमणे बसतात.

आमच्या विद्यार्थिनीची धाकटी बहीण आतां त्याच कामावर आहे. तिला नांव बदलावें लागत नाहीं. मात्र बोलणाऱ्याचे उच्चार तत्क्षणीं बदलून गिऱ्हाइकाच्या कानीं घालणारें यंत्र तिच्या कचेरींत आलें आहे. मुलगी "बँकेंत" असते, असें आई शेजाऱ्यांस सांगते. रात्रीं साडेआठास कचेरीची गाडी येते, ती गल्लीच्या तोंडाशींच थांबते. कचेरीचा नियम दारापर्यंत यावयाचा आहे. परंतु चारचौघांस दिसेल म्हणून तेथपर्यंत येऊं नको, असें आईनेंच चालकास सांगून ठेविलें आहे. पहाटे परततांनाहि मुलगी तेथेंच उतरते, आणि उरलेली वाट अंधारांत एकटी चालते.