दारच्या मुक्या जिवाची दिवाळी

भगवान महावीरांच्या निर्वाणदिनी मंदिरात निर्वाण लाडू चढतो, घरोघरी फराळ होतो. आमच्या मुळशी तालुक्यात पौड-पिरंगुटच्या पेठेत उरलेली मिठाई पुष्कळदा दारच्या कुत्र्यांना घातली जाते.

अहिंसाणुव्रताच्या पाच अतिचारांत ‘अन्नपाननिरोध’ येतो. आश्रित प्राण्यास उपाशी ठेवणे हा दोष होय. परंतु त्यास अपायकारक अन्न घालणे, हीदेखील हिंसाच. मनुका-बेदाण्यांनी कुत्र्याचे मूत्रपिंड निकामी होऊ शकते. चॉकलेटमधील थिओब्रोमीन त्यास विषासमान ठरते. कांदा-लसूणही त्याच्या रक्तास घातक. आपल्या स्वयंपाकघरात ते नसतात, एवढी चिंता कमी.

आमच्या घरी त्यांच्यासाठी निराळा खाऊ होतो. दोन वाट्या ज्वारीचे पीठ शिजवलेल्या एक वाटी लाल भोपळ्यात मळावे. लागल्यास पाणी घ्यावे. मीठ, साखर, गूळ, तूप काहीही घालू नये. पातळ थापून मंद आचेवर कुरकुरीत भाजावे, गार झाल्यावर लहान तुकडे करावेत. लहान कुत्र्यास एक-दोन, मोठ्यास चार पुरेत.

वहीपूजनाच्या दिवशी सूर्यास्तापूर्वी हे तुकडे दुकानाच्या पायरीशी ठेवावेत आणि शेजारी गाळलेल्या पाण्याचे भांडे असावे.