पत्र्याच्या बोटी: काही टिपणं

मिनेसोटात घरामागे ताडपत्रीखाली पालथी घातलेली ॲल्युमिनियमची जुनी बोट हमखास दिसते. बहुधा आजोबांची. ती नवी करायची म्हटलं की आधी रंगाचा डबा आणला जातो. माझ्या मते रंग सगळ्यात शेवटी, आणि नाही लावला तरी चालेल.

*

या बोटींचं गोत्र विमानाचं. १९४४ साली ग्रमन कंपनीचे विल्यम हॉफमन ॲडिरॉन्डॅकच्या डोंगरात लाकूड-कॅनव्हासची जड कनू (वल्ह्याची निमुळती होडी) वाहून नेताना वैतागले. कंपनी नौदलासाठी हेलकॅट विमानं बनवत होती. पत्रा, रिवेट, कारागीर सगळं हाताशी. युद्ध संपता संपता ॲल्युमिनियमच्या कनू निघू लागल्या.

*

उघड्या ॲल्युमिनियमवर हवा लागताच ऑक्साइडचा पातळ थर चढतो. तोच पत्र्याला राखतो, आणि तोच रंगाला टिकू देत नाही. म्हणून आधी तेलकटपणा काढायचा, मग घासायचं, पुसायचं आणि वेळ न दवडता एच (etch) प्रायमर मारायचा. त्यातलं फॉस्फोरिक ॲसिड पत्र्याला किंचित खातं, तेव्हा कुठे पकड मिळते. पोलादी तारेचा ब्रश नको. लोखंडाचे कण रुततात आणि तिथूनच पत्रा खराब होतो.

जुन्या रंगाखाली पिवळट हिरवा थर दिसला तर थांबावं. तो झिंक क्रोमेट असू शकतो, आणि त्याची धूळ कॅन्सरला कारण ठरते. कोरडं घासणं तर नकोच.

*

मागची फळी, जिच्यावर इंजिन लटकतं: वरून कीर्तन, आतून तमाशा. पत्रा लखलखीत, आतलं प्लायवूड भुसा झालेलं. ते बदलताना लोक टिकाऊ म्हणून कुजू नये असा रासायनिक मसाला मुरवलेलं लाकूड घालतात. अमेरिकेत २००३ अखेरीस घरगुती लाकडातून आर्सेनिकचा मसाला बराचसा गेला आणि तांबं वाढलं. ओल्या तांब्याशेजारी ॲल्युमिनियम झिजतं. साधं मरीन प्लाय घ्यावं, कडांसकट इपॉक्सी पाजावी.

तळात विसरलेलं तांब्याचं नाणं किंवा गळाचं शिशाचं वजनही हेच करतं. पांढरी भुकटी दिसली की समजावं, खाली खड्डा आहे.

*

गळती शोधायची तर बोट तरंगवायला नको. नीट आधार देऊन आत थोडं पाणी भरायचं आणि खाली वाकून बघायचं, कुठला रिवेट ठिबकतो ते. खूण मार्करने करावी. शिसपेन्सिलीतलं ग्रॅफाइटही ॲल्युमिनियमला बाधतं.

सैल रिवेट पुन्हा ठोकायला दोन माणसं लागतात. एक बाहेरून हातोडा मारतो, दुसरा आतून जड लोखंड दाबून धरतो. जोडप्यांनी हे काम शक्यतो शेजाऱ्यासोबत करावं.

*

रंग लावायचाच तर आत फिकट राखाडी, चकाकी नसलेला. पांढऱ्याने दुपारी डोळे दिपतात, गडद रंगावर उन्हात बसवत नाही. बुडाला शेवाळ धरू नये म्हणून मिळणारे तांबंमिश्रित रंग या बोटींना वर्ज्य. शिवाय जी बोट संध्याकाळी ट्रेलरवरून घरी येते, तिला ते हवेत कशाला?