श्रवणाचा दिवस



नवविधा भक्तीत पहिले नाव श्रवणाचे. कीर्तन त्याच्या नंतर येते. आधी कानांनी घ्यावे, मग मुखाने द्यावे, असा हा क्रम आहे.

तळवडे हे देहू-आळंदी रस्त्यावरचे गाव. आज तिथे कंपन्यांच्या गाड्यांची वर्दळ आहे, तरी सकाळी टाळ ऐकू येतात. १५ ते १८ जानेवारी २०१६ या दिवसांत जवळच पिंपरीत ८९वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. संमेलननगरीला ज्ञानोबा-तुकारामांचेच नाव होते. आम्ही चार टाळकरी एक दिवस तिथे गेलो.

कुठे परिसंवाद, कुठे कविता, ग्रंथदालनात तर पाय ठेवायला जागा नव्हती. पाहून जीव सुखावला. पण आजूबाजूला लोक सारखे उठत होते. इथले ऐकताना तिकडचे चुकेल, ही धास्ती. कोणी लेखकाचे बोलणे मोबाइलमध्ये भरून घेत होते, घरी ऐकू म्हणून. आमच्यातले एक वडीलधारे म्हणाले, "निरूपण अर्धे टाकून उठले, तर चरणाचा अर्थ कसा उमगायचा?"

माउली, ऐकण्याची किंमत बहिणाबाई शिऊरकरांना विचारावी. कोल्हापुरात जयरामस्वामींच्या कीर्तनात तुकोबांचे अभंग त्यांच्या कानी पडले आणि ते मनातून जाईनात. ब्राह्मणाच्या घरच्या बाईने तुकोबांना गुरू मानले, म्हणून नवऱ्याचा मार खाल्ला. पुढे तेच कुटुंब देहूला आले. तिथे मंबाजीचा छळ सोसला, पण देवळातले कीर्तन सोडले नाही. हे सारे त्यांनीच आपल्या आत्मचरित्रपर अभंगांत सांगितले आहे. ऐकणारी बाई ऐकता ऐकता कवी झाली.

संताजी जगनाडे महाराज तर टाळकरीच. तुकोबांच्या मुखातून निघालेले त्यांनी ऐकले आणि वहीत उतरवून ठेवले. आज आपल्या हाती गाथा आहे, ती अशा ऐकणाऱ्यांमुळे. सांगणारा कितीही थोर असो, ऐकणारा जागा नसेल तर शब्द मंडपातच राहतात.

आता गावोगावी संमेलने, व्याख्यानमाला होतात. तुम्ही अवश्य जा. पण दहा जणांना धावत ऐकण्यापेक्षा एकाला शेवटपर्यंत ऐका. न पटणारेही शांतपणे ऐकून घ्या. घरी परतल्यावर, फोन न उघडता, जे आठवेल ते घरातल्या एकाला सांगा. तेवढेच आपल्या पदरी पडले, असे समजा. दुसऱ्या दिवशी काम करताना त्यातले एखादे वाक्य पुन्हा मनात आले, तर श्रवणाचे मनन होऊ लागले आहे.

लेखकाला टाळ्या मिळतातच. आपण त्याला जागे कान द्यावेत.