फ्लॉपचा शिक्का

एम-थ्रीचा निकाल लागला त्या रात्रीची गोष्ट. माझा रूम पार्टनर दुसऱ्यांदा गचकला होता. मी पास. पास झालेल्या माणसाला अक्कल फार फुटते, तशी मलाही फुटली. "तुझ्याच्याने इंजिनिअरिंग होणार नाही रे," मी बोलून गेलो. तो गप्प. थोड्या वेळाने त्याने लॅपटॉप उघडला आणि एक ब्लॅक अँड व्हाइट पिक्चर लावला. 'ब्रिंगिंग अप बेबी', १९३८ चा.

मित्रांनो, यातली बेबी म्हणजे बाळ नव्हे, बिबट्या! डायनोसॉरच्या सांगाड्याचं शेवटचं हाड कुत्र्याने पळवल्यामुळे हैराण झालेला शास्त्रज्ञ कॅरी ग्रँट, आणि त्याच्या आयुष्याचा पार बोऱ्या वाजवणारी कॅथरिन हेपबर्न. हसून हसून आमची पुरेवाट झाली.

दुसऱ्या दिवशी या पिक्चरबद्दल वाचलं आणि चाट पडलो. हा तर त्या काळी आपटलेला! न्यूयॉर्कच्या रेडिओ सिटी म्युझिक हॉलमधून एका आठवड्यात उतरवलेला. 'न्यूयॉर्क टाइम्स'च्या फ्रँक नूजंटने तर 'तेच ते जुने विनोद' म्हणून झोडपलं. त्याच वर्षी थिएटरवाल्यांच्या संघटनेने हेपबर्नला 'बॉक्स ऑफिसचं विष' ठरवलं आणि तिने आरकेओ कंपनी सोडली. खुद्द दिग्दर्शक हॉवर्ड हॉक्स नंतर म्हणायचा, की यात एकही शहाणं पात्र नाही, ही चूकच झाली.

गंमत म्हणजे सगळ्यांनीच शिव्या घातल्या होत्या असंही नाही. कौतुक करणारे परीक्षक तेव्हाही होते. पण लक्षात राहिला तो शिक्का. पुढे लोकांनी तो टीव्हीवर पुन्हा पाहिला. १९९० मध्ये तो अमेरिकेच्या नॅशनल फिल्म रजिस्ट्रीत गेला. २००० साली अमेरिकन फिल्म इन्स्टिट्यूटच्या १०० विनोदी चित्रपटांच्या यादीत चक्क १४ वा नंबर! पिक्चर तोच होता, बघणारे बदलले होते.

हे सगळं मी पार्टनरला सांगितलं. सॉरी म्हणायची ती माझी पद्धत. तो म्हणाला, "ठीक आहे रे, पण पिक्चरला पेपर पुन्हा द्यावा लागला नाही. मला द्यायचाय."

खरंच होतं. पिक्चरला ५० वर्षं थांबता येतं, आमच्याकडे दोन महिने होते. तेव्हापासून रोज रात्री दहा ते बारा आम्ही दोघं लाप्लास घेऊन बसलो. पेपर झालाय, निकाल लागायचाय. काहीही लागो, या वेळी परीक्षण मी लिहिणार नाही.